लिस्बन, पायी आणि पोटभर: जुन्या शहरातली चार तासांची खाद्यफेरी

बटाटा, पाव, कोबी, काजू, चावी, बादली, नाताळ. हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले आणि इतके मुरले की ते परके आहेत हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. लिस्बनच्या भाजीवाल्याच्या पाटीवर ‘बटाटा’ लिहिलेलं असतं आणि बेकरीत ‘पांव’ मागितला की पाव मिळतो. या शहराचं खाणं आणि या शहराचा इतिहास एकाच बंदरातून आले आहेत. म्हणून पहिल्या दिवशी नुसती चर्चं आणि नुसत्या खानावळी असे दोन वेगळे कार्यक्रम करू नयेत. पदार्थ हातात असताना त्याच्याशी संबंध असलेली इमारत समोर असावी, अशी फेरी आखावी. ती कशी आखायची, कुठे थांबायचं, किती खायचं आणि कुठे चुकतं, ते इथे क्रमाने सांगतो.

गाईड घ्यायचा की नाही

लिस्बनमध्ये दोन प्रकारच्या फेऱ्या मिळतात. पहिली सशुल्क खाद्यफेरी. माणशी साधारण 70 ते 110 युरो, वेळ साडेतीन ते चार तास, चालणं 3 किलोमीटरच्या आसपास, आणि सहा ते आठ ठिकाणचं खाणं-पिणं त्यात धरलेलं. दुसरी ‘मोफत’ म्हणून जाहिरात होणारी फेरी. तिच्यात शेवटी गाईडला माणशी 10 ते 15 युरो देण्याची रीत आहे आणि खाणं धरलेलं नसतं. इतिहास ऐकायला ही दुसरी पुरते, पण जेवणाच्या अपेक्षेने गेलात तर उपाशी परताल.

सशुल्क फेरी निवडताना तीन गोष्टी पाहा. गटात किती माणसं आहेत? 12 पेक्षा जास्त असतील तर छोट्या ‘टाश्का’मध्ये, म्हणजे गल्लीतल्या घरगुती खानावळीत, तो गट मावतच नाही, मग गाईड मोठ्या पर्यटकी हॉटेलांत नेतो. दुसरं, मार्गात मोउरारिया किंवा आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्त्या आहेत का? फक्त बाइशा, म्हणजे सपाटीवरचा मधला भाग असेल, तर 1755 च्या मोठ्या भूकंपाआधीचं लिस्बन जवळजवळ पाहायलाच मिळत नाही. तिसरं, एकाच ठिकाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवतात का? तीन थांब्यांत बसवून दारू पाजणाऱ्या फेऱ्या खूप आहेत आणि त्यांत शहर दिसत नाही.

गाईड न घेता ही फेरी स्वतःही करता येते. खाण्याचा खर्च माणशी 30 ते 40 युरोंत बसतो. मात्र खानावळीतल्या मालकाशी पोर्तुगीजमध्ये बोलणारं कुणी सोबत नसतं, आणि शाकाहारी माणसाला तेच सगळ्यात जास्त जाणवतं.

दिवस, वेळ, बूट

मंगळवार ते शनिवार यांतला दिवस घ्या. सोमवारी ताजी मासळी कमी असते, कारण रविवारी बऱ्याच होड्या समुद्रात जात नाहीत. शिवाय बरीचशी संग्रहालयंही सोमवारी बंद असतात. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते आणि लहान दुकानांना सुट्टी असते.

सकाळी 10 ला सुरुवात करा. दुपारचं जेवण साडेबाराला सुरू होतं आणि अनेक स्वयंपाकघरं 3 च्या सुमारास बंद होतात. 11 नंतर निघालात तर आल्फामात पोचेपर्यंत चूल विझलेली असते. हॉटेलातला नाश्ता त्या दिवशी टाळा, फार तर एखादं फळ खा. पहिल्या दोन थांब्यांत पोट भरून जाणं ही या फेरीतली नेहमीची चूक आहे. दोघांत एक हे माप धरा: दोन माणसांनी प्रत्येक ठिकाणी एकच पदार्थ मागवायचा आणि वाटून घ्यायचा. अपवाद फक्त पहिल्या पेस्ट्रीचा.

बुटांबद्दल हलगर्जी करू नका. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसाल्टच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत. लाखो पावलांनी ते काचेसारखे गुळगुळीत झालेत, आणि पावसाची एक सर आली की उतारावर पाय सटकतो. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूटच हवेत, कोल्हापुरी किंवा सपाट सँडल नकोत. पिण्याच्या पाण्याची बाटली न्या. नळाचं पाणी बेलाशक प्यावं.

गाईडला आधी काय कळवायचं

बुकिंग करतानाच, निदान दोन दिवस आधी, तुमचं खाणं नेमक्या शब्दांत लिहा. नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलं तर मासे येऊ शकतात. ‘मांस नको, मासे नको, अंडं चालतं किंवा चालत नाही, दारू नको’ असं एकेक वेगळं लिहा. गाय किंवा डुक्कर चालत नसेल तर तेही स्पष्ट सांगा. पोर्तुगीज सैपाकात डुक्कर अनपेक्षित ठिकाणी सापडतं: पालेभाजीच्या सुपात शोरिसूची, म्हणजे डुकराच्या लाल सॉसेजची, एक चकती, उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यात चरबी, काही जुन्या गोडांतही चरबीच. अंडं वर्ज्य असेल तर गोड पदार्थ जवळपास सगळेच बाद होतात, कारण मठांतून आलेली ही मिठाई पिवळ्या बलकावरच उभी आहे.

शाकाहाऱ्यांसाठी एक चांगली बातमी मात्र आहे. अझेइतांव आणि सेरा दा एश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची दोन नामांकित चीज प्राण्याच्या रेनेटने, म्हणजे वासरांच्या जठरातून काढलेल्या विरजणाने नाही, एका काटेरी जांभळ्या फुलाच्या तुऱ्यांनी विरजतात. ज्यांना चीजमधल्या रेनेटमुळे अडचण असते त्यांनी ही दोन नावं कागदावर लिहून न्यावीत.

कामाची चार वाक्यं: ‘सें कार्न’ म्हणजे मांस नको. ‘सें पेइश’ म्हणजे मासे नकोत. ‘सें शोरिसू’ म्हणजे सॉसेज नको. ‘आ कोंता, पुर फावोर’ म्हणजे बिल द्या. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादू’ म्हणायचं आणि बाईने ‘ओब्रिगादा’.

पहिला थांबा: प्रासा दा फिगेइरा

रोसियू मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर हा चौक. इथे पूर्वी शहराचं मोठं राजेशाही इस्पितळ होतं. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंप झाला. चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. घरं कोसळली, मग तेजू नदीतून लाटा आत घुसल्या, आणि मेणबत्त्यांनी लागलेली आग अनेक दिवस जळत राहिली. इस्पितळ त्यातच गेलं. नंतर या जागी बाजार भरू लागला आणि तो 1949 पर्यंत चालला. हा प्रसंग पुढे प्रत्येक थांब्यावर परत भेटणार आहे, म्हणून गाईडला तो इथेच सविस्तर सांगायला लावा.

चौकाच्या कोपऱ्यावर 1829 पासूनची कोंफेइतारिया नासियोनाल आहे. पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डने भरलेली पापुद्र्यांची छोटी वाटी, आणि ‘बिका’, म्हणजे लिस्बनमधला लहान कपातला कडक कॉफीचा घोट, एवढंच घ्या. दूध हवं असेल तर ‘गालांव’ मागा, उंच ग्लासात दुधाळ कॉफी येते. उभ्याने काउंटरवर घेतलं तर स्वस्त, टेबलावर महाग, आणि बाहेर छत्रीखाली सगळ्यात महाग. बऱ्याच ठिकाणी पाटीवर हे वेगवेगळे दर लिहिलेले असतात.

नाता खाण्याआधी उलटा करून पाहा. तळाला गोल-गोल वळसे दिसायला हवेत. लोणी घातलेल्या पिठाची पोळी लाटून तिची गुंडाळी करतात, गुंडाळीचे काप कापतात आणि ओल्या अंगठ्याने साच्यात दाबत वर चढवतात. म्हणून पापुद्रे आडवे न राहता चक्राकार उभे राहतात आणि दाताखाली मोडताना कुरकुर आवाज येतो. भट्टी फार तापलेली लागते, 300 अंशांच्या आसपास. तरच कडा करपायच्या आत वरच्या कस्टर्डवर काळे डाग पडतात आणि आतलं अजून थरथरतं राहतं. डाग नसलेला, एकसारखा पिवळा नाता कमी आचेवर भाजलेला असतो. फ्रीजमधून आलेल्याचा तळ मऊ पडतो, तो परत करायला लाजू नका. वर दालचिनी भुरभुरायला डबी ठेवलेली असते. ती दालचिनी म्हणजे श्रीलंकेच्या व्यापाराची खूण. हा एकच पदार्थ प्रत्येकी एक घ्यावा.

इथून काही पावलांवर 1890 ची मांतेइगारिया सिल्व्हा आहे. दुकानात शिरलं की खारवलेल्या कॉडचे, म्हणजे बाकाल्याउचे, फळ्यांसारखे कडक पांढरे पत्रे रचलेले दिसतात. वास आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराचीच आठवण करून देईल. गंमत अशी की हा मासा पोर्तुगालच्या पाण्यात मिळतच नाही. उत्तर अटलांटिकमधून, आज मुख्यतः नॉर्वे आणि आइसलंडकडून येतो. शिजवण्याआधी 24 ते 48 तास पाण्यात भिजवून तीन-चारदा पाणी बदलावं लागतं. घाई केली तर पदार्थ खारट होतो, आणि वाईट खानावळीतल्या बाकाल्याउची तक्रार बहुधा हीच असते. इथे अझेइतांव चीज आणि पाव घ्या. अख्खं चीज घेतलंत तर वरची चकती झाकणासारखी कापायची आणि आतलं सायीसारखं चीज चमच्याने काढायचं. दोघांना एक लहान ताटली पुरते.

दुसरा थांबा: सांव दोमिंगुश

चीज-पाव आधी खायला सांगितला त्याचं कारण इथे कळेल. सांव दोमिंगुश चर्चच्या समोरच 1840 पासूनचं जिंजिन्याचं उभ्याने पिण्याचं दुकान आहे. जिंजा म्हणजे आंबट चेरी. ती दारूत साखर आणि दालचिनी घालून मुरवतात. चव गोड, पण ताकद 20 टक्क्यांच्या घरात, म्हणून रिकाम्या पोटी घेतली की चढावर त्रास होतो. ‘कों एलाश’ म्हटलं तर पेल्यात चेऱ्या येतात, ‘सें एलाश’ म्हटलं तर नाही. एक पेला पुरे.

आधी मात्र चर्चमध्ये जा. 1959 च्या आगीत ते आतून जळालं. 1994 ला पुन्हा उघडताना खांब मुद्दाम तसेच ठेवले. तडकलेले, भाजून सोललेले दगड आजही हात लावण्याइतके जवळ दिसतात. बाहेरच्या चौकात 1506 च्या हत्याकांडाचं स्मारक आहे. बळजबरीने बाटवलेल्या ज्यूंना त्या एप्रिलमध्ये जमावाने ठार मारलं, बळींचा अंदाज 2,000 ते 4,000 असा केला जातो. पलीकडे रोसियूवर जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचा, वाडा होता. पोर्तुगालात ती 1536 ला सुरू झाली आणि 1560 ला गोव्यात पोचली. गोव्यातल्या देवळांच्या स्थलांतराच्या कथा घरात ऐकलेल्या माणसाने या चौकात दहा मिनिटं तरी शांत उभं राहावं.

याच काळाशी जोडलेला पदार्थ म्हणजे अल्येइरा, पाव आणि कोंबडीचं सॉसेज. डुक्कर न खाणारे बाटवलेले ज्यू शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून असं सॉसेज टांगून ठेवत, असं सांगितलं जातं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अल्येइरांत डुक्करही असतं, तेव्हा ही कथा ऐकून निर्धास्तपणे मागवू नका.

तिसरा थांबा: मोउरारिया आणि चामुसा

1147 ला आफोंसू एन्रिकेशने मुस्लिम सत्तेकडून लिस्बन जिंकलं आणि उरलेल्या मुस्लिमांना किल्ल्याच्या तटाबाहेर ही जागा दिली. ‘मूर लोकांची वस्ती’ म्हणून मोउरारिया. आज इथे बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, चिनी दुकानं आहेत. रुआ दू बेंफोर्मोझूवर धने-जिऱ्याचा वास येतो. याच गल्ल्यांत फादू हे गाणं वाढलं.

इथे चामुसा खा. समोसाच तो, पण पारी पातळ, आकार चपटा त्रिकोणी. गोव्यातून आणि मोझांबिकमधल्या भारतीय कुटुंबांकडून, विशेषतः 1974 च्या क्रांतीनंतर, तो लिस्बनमध्ये घरोघरी झाला आणि आज कुठल्याही साध्या पोर्तुगीज कॅफेच्या काचेत दिसतो. आत बटाटा असेल असं धरून चालू नका. बहुधा गाईचा किंवा कोंबडीचा खिमा असतो, भाजीचा हवा असेल तर विचारून घ्या. जवळपासच्या गोवन खानावळींत शागोती, सारपातेल, बेबिंका मिळतात. पण ते संध्याकाळसाठी ठेवा, आत्ता जेवलात तर चढ चढवणार नाही.

चढ

फेरीतला सगळ्यात कठीण भाग हाच, आणि तो जेवणाआधी उरकायचा. मार्तीं मोनिझ चौकाजवळच्या एश्कादिन्याश दा साउद या जिन्याला सरकते जिने जोडलेले आहेत. ते बंद असतील किंवा गुडघे दुखत असतील तर दुसरा मार्ग घ्या. बाइशातल्या रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावर 170 क्रमांकाच्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चाललं की शांव दू लोउरेइरूच्या जुन्या मंडईत दुसरी लिफ्ट. दोन्ही मोफत. बरेच पर्यटक हे न कळल्याने 28 नंबरच्या ट्रामसाठी तासभर रांगेत उभे राहतात. त्या ट्रामच्या गर्दीत खिसेकापू नेहमीचे. पाकीट पुढच्या खिशात आणि पासपोर्ट हॉटेलात ठेवा.

वर सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची दोन चित्रं आहेत. एकात भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक, दुसऱ्यात किल्ल्यावरचा हल्ला. सगळे नदीचा फोटो काढतात आणि या भिंतीकडे पाठ करतात. फेरीच्या शेवटी तुम्ही त्याच चौकात पोचणार आहात, म्हणून पहिलं चित्र नीट पाहून ठेवा.

चौथा थांबा: आल्फामात जेवण

नाव अरबी ‘अल-हम्मा’वरून, म्हणजे गरम पाण्याचे झरे. टेकडीच्या पक्क्या खडकावर असल्याने भूकंपात ही वस्ती खालच्या बाइशाइतकी उद्ध्वस्त झाली नाही. म्हणूनच दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत अशा गल्ल्या अजून शिल्लक आहेत. पाऊण वाजेपर्यंत टेबल धरा.

जून ते ऑक्टोबर असेल तर भाजलेल्या सार्डिन घ्या. 12 आणि 13 जूनला सेंट अँटनीच्या सणात गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात. हिवाळ्यात सार्डिन गोठवलेल्या असतात, तेव्हा दुसरा मासा निवडा. मासा पावाच्या कापावर ठेवून बोटांनी सोडवत खायचा. तेल आणि मीठ पावात मुरतं, आणि तो पाव सगळ्यात शेवटी खायचा. शाकाहाऱ्यांनी ‘काल्दू व्हेर्द’ सूप ‘सें शोरिसू’ मागवावं: बटाट्याच्या दाट सुपात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं. ही पानं ‘कोव्ह’ची, आपल्या ‘कोबी’चं मूळ. तरी रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारून घ्याच.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येऊन पडतं. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत, तिथला कायदाच तसा आहे. नको असेल तर लगेच परत पाठवा. ‘दोझ’ म्हणजे पूर्ण वाढप, ते बहुधा दोघांचं असतं. एकट्याला ‘मेया दोझ’ पुरतं. टीप सक्तीची नाही, 5 ते 10 टक्के ठेवली तर चांगलंच.

पाचवा थांबा: रुआ दुश बाकाल्योएइरुश

खाली उतरताना सेचं कॅथीड्रल लागतं, 1147 च्या विजयानंतर बांधायला घेतलेलं. तिथून नदीकडे वळलं की ‘खारा कॉड विकणाऱ्यांची आळी’, म्हणजे हा रस्ता. पूर्ण फेरीतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची शंभर पावलं इथे आहेत, आणि थकलेले गट ती धावत पार करतात.

काझा दुश बिकुश हे हिऱ्यासारख्या टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचं घर 1523 ला ब्राश द आल्बुकेर्कने बांधलं. ज्या आफोंसू द आल्बुकेर्कने 1510 ला गोवा घेतला, त्याचा हा मुलगा. हापूस आंब्याचं नाव याच आफोंसूवरून आलं असं सांगतात. भूकंपात वरचे मजले पडले, ते गेल्या शतकात पुन्हा बांधले. पण तळमजल्यावर उतरा: तिथे रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या टाक्या आहेत. याच आळीत 1930 ची कोंसेर्व्हेइरा द लिश्बोआ आहे, जिथे माशांचे डबे आजही हाताने कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देतात. रोमन टाक्या, खाऱ्या कॉडची आळी आणि डबाबंद सार्डिन, दोन हजार वर्षांचा मासे टिकवण्याचा धंदा एका रस्त्यावर.

बाकाल्याउचा वडा, म्हणजे ‘पाश्तेल द बाकाल्याउ’, इथल्या परिसरात साध्या कॅफेत घ्या. कॉड, बटाटा, अंडं, कोथिंबिरीसारखी पार्सली, एवढंच त्यात असतं. आत चीज भरलेला महागडा प्रकार पर्यटकांसाठी निघालेला नवा आहे, तो सोडा. माशांचे डबे घेतलेत तर विमानात चेक-इन बॅगेत टाका, आतल्या तेलामुळे हातातल्या बॅगेत अडवतात.

शेवट: तेरेइरू दू पासू

फरशीवरच्या चित्रात पाहिलेला चौक तो हाच. राजवाडा आणि त्याला लागून असलेलं ‘काझा दा इंदिया’, जिथून भारताच्या मसाल्याचा सगळा हिशेब चालायचा, दोन्ही 1755 ला गेले. तेव्हाचा मुख्य मंत्री मार्केझ द पोंबाल याने मागचं बाइशा सरळ रेषेत नव्याने आखलं. घरांच्या भिंतींत लाकडाचे पिंजरे बसवले, हादरा बसला की भिंत ढासळली तरी पिंजरा तोलून धरेल म्हणून. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता, चांभारांचा रस्ता ही नावं तेव्हाचीच. चौकाच्या मधोमध असलेल्या राजाच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर हत्ती शोधा.

इथे रुआ आउगुश्तावर कुणी कानाशी येऊन कुजबुजत गांजा विकू पाहील, न थांबता पुढे चाला. कॉफी 1782 पासूनच्या मार्तीन्यू दा आर्कादाच्या काउंटरवर घ्या.

बेलें, म्हणजे पश्चिमेकडचा नदीकाठचा भाग, याच दिवशी उरकायचा मोह टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी 15 नंबरची ट्राम धरा, सोमवार टाळून, कारण व्हास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमुश मठ तेव्हा बंद असतो. 1837 च्या त्या प्रसिद्ध नाताच्या दुकानात बाहेरची रांग बहुधा पार्सलची असते. आत बसायला मोठमोठी दालनं आहेत, थेट आत जा.